कोल्हापूरचा बीकर

कोल्हापुरी साजातले मणी भरीव सोन्याचे नसतात. आत लाख असते आणि वरून सोन्याचा पातळ पत्रा. थोड्या सोन्यात घसघशीत दागिना व्हावा, म्हणून काढलेली ही जुनी युक्ती. जवळची हुपरी तर चांदीवरच जगते. धातू पातळ करणं, बारीक करणं, एकावर दुसऱ्याचा मुलामा चढवणं हे या भागात शास्त्र म्हणून येण्याआधी पोटापाण्याचा धंदा म्हणून आलं.

पण धातू बारीक करत गेलं की एका टप्प्यानंतर तो ओळख बदलतो. सोनं पिवळं राहत नाही, पाण्यात माणकासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरडेने १८५७ साली लंडनमध्ये असं लाल सोनं तयार केलं आणि रंगाचं कारण कणांच्या बारीकपणात आहे, असं सांगितलं. हा टप्पा साधारण १०० नॅनोमीटरच्या खाली सुरू होतो. आपला एक केस ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, यावरून अंदाज करा.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रयोगशाळेशी माझा संबंध इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलपुरता. पण कोल्हापुरात वाढलेल्या माझ्या पिढीच्या कानावर ‘नॅनो’ हा शब्द गाडीच्या जाहिरातीइतकाच विद्यापीठामुळेही पडलेला आहे. ओळखीतलं कुणीतरी फिजिक्समध्ये पीएचडी करत असतं, कुणी कोरियाला गेलेलं असतं आणि घरात एकच प्रश्न घोळत असतो: ‘एवढं शिकून पुढं काय?’ मला हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा वाटत नाही. त्याचं खरं उत्तर शोधायचं तर थोडा इतिहास बघावा लागतो. संशोधकाच्या तीस-चाळीस वर्षांतून तीन गोष्टी बाहेर पडू शकतात: कागद, वस्तू आणि माणसं. कोल्हापूरच्या वाट्याला यातलं काय, किती आलं?

काचेची पट्टी आणि अमोनियाचा वास

शिवाजी विद्यापीठाचं उद्‌घाटन १८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू इतिहासकार डॉ. अप्पासाहेब पवार. मुंबई-पुण्याच्या तुलनेत नवं विद्यापीठ, आणि विद्यार्थी बहुतेक शेतकऱ्यांच्या घरांतले.

पुढे इथल्या पदार्थविज्ञान विभागाचं नाव झालं ते पातळ थरांमुळे. सौर घट, सेन्सर, बॅटरी, सगळीकडे कशावर तरी कसला तरी अतिपातळ थर द्यावा लागतो. त्याची श्रीमंत पद्धत म्हणजे निर्वात पोकळी: पोलादी पेटी, हवा ओढून घेणारे पंप आणि आत पदार्थाची वाफ करून ती पट्टीवर बसवणं. यंत्र महाग आणि सांभाळणं त्याहून महाग. कोल्हापूरने दुसरी वाट धरली. बीकर, पाणी, क्षार आणि संयम.

कॅडमियम सल्फाइडचं उदाहरण घ्या. कॅडमियमचा क्षार आणि गंधक देणारा थायोयुरिया थेट एकत्र केले, तर पिवळा साका भसकन तळाला बसेल. म्हणून आधी अमोनिया घालायचा. तो कॅडमियमला धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. द्रावण कोमट-गरम ठेवलं की आत उभ्या केलेल्या काचेच्या पट्टीवर सावकाश, एकसारखा पिवळा थर चढतो. उकळत्या पाण्यापेक्षा कमी तापमानात, पंपाशिवाय. दुसरी एक पद्धत फ्रान्समध्ये निकोलाऊ यांनी १९८५ साली मांडली: पट्टी एका द्रावणात बुडवायची, धुवायची, दुसऱ्यात बुडवायची, धुवायची, आणि हेच पुन्हा पुन्हा. मेणात वात बुडवून मेणबत्ती जाड करत जावी, तसं. फक्त इथे दर बुडीला चढणारा थर अणूंच्या हिशेबात मोजायचा.

प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या पद्धतींवर आयुष्यं घातली. राजाराम माने आणि लोखंडे यांचा रासायनिक थरांवरचा आढावा २००० साली आला, हबीब पठाण आणि लोखंडे यांचा बुडवा-धुवा पद्धतीवरचा २००४ साली. प्रा. पी. एस. पाटील यांचा फवारा मारून थर देण्याच्या पद्धतीवरचा आढावा १९९९चा. जगात कुठेही कुणी पंपाशिवाय थर द्यायला बसलं, की हे कागद समोर येतात. आम्ही प्रोग्रॅमर जसे एखाद्या लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन उघडून बसतो, तसे ते लोक हे कागद उघडून बसतात. हे डॉक्युमेंटेशन राजारामपुरीपासून हाकेच्या अंतरावर लिहिलं गेलं, हे मला फार उशिरा कळलं. शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

एका कारकिर्दीचा प्रवास

याच विभागातली एक कारकीर्द मला सर्वांत बोलकी वाटते: प्रा. एस. एच. पवार यांची.

१९८७ साली अमेरिकेत इट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडमध्ये ९३ केल्विनला अतिवाहकता सापडली. म्हणजे उणे १८० अंश सेल्सिअस. आपल्याला हे गार वाटेल, पण शास्त्रज्ञांसाठी ती गरमागरम बातमी होती. कारण द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला मिळतो आणि तो हेलियमच्या मानाने खूप स्वस्त असतो. जगभरच्या प्रयोगशाळा या पदार्थांमागे लागल्या. पवारांच्या गटाने इथेही बीकरच हाती घेतला: द्रावणातून वीज सोडून अतिवाहकांचे थर चढवायचे. तत्त्व मुलामा देणाऱ्या कारागिराचंच. फक्त एका धातूऐवजी तीन-चार धातू ठरल्या प्रमाणात एकदम बसले पाहिजेत आणि नंतर त्यांचं योग्य ऑक्साइड झालं पाहिजे. तिथेच सगळा जीव जातो.

अतिवाहकांची लाट पुढे ओसरली. २००७ साली केंद्र सरकारने पाच वर्षांसाठी १००० कोटी रुपयांचं ‘नॅनो मिशन’ जाहीर केलं आणि देशभरच्या प्रयोगशाळांचं तोंड नॅनोकडे वळलं. पवार नंतर कोल्हापूरच्याच डी. वाय. पाटील विद्यापीठाचे कुलगुरू झाले. तिथे त्यांच्या विद्यार्थ्यांनी जे काम केलं, ते पदार्थविज्ञान आणि वैद्यक यांच्या सीमेवरचं होतं: चुंबकी नॅनोकणांनी कर्करोगाच्या पेशी तापवणं.

ही कल्पना जुनी आहे. १९५७ साली अमेरिकेत गिलख्रिस्ट यांनी लसिका ग्रंथींमध्ये चुंबकी कण सोडून बाहेरून बदलतं चुंबकीय क्षेत्र लावलं आणि कण तापतात, हे दाखवलं. कर्करोगाची गाठ ४२ ते ४६ अंशांपर्यंत तापवली तर तिच्या पेशी दुबळ्या होतात, मरतात, किंवा रेडिएशनला लवकर बळी पडतात. इंडक्शनच्या शेगडीशी याचं लांबचं नातं आहे. दोन्हीकडे ज्योत नाही, बदलतं चुंबकीय क्षेत्र आहे. पण भांडं तापतं ते मुख्यतः त्यात फिरणाऱ्या विजेच्या भोवऱ्यांमुळे. नॅनोकण तापतो तो त्याचं चुंबकत्व सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलायला लागल्यामुळे.

कण पुरेसा लहान असेल तर आणखी एक सोय होते. बाहेरचं क्षेत्र काढून घेतलं की त्याचं चुंबकत्व उरत नाही. नाहीतर कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतील आणि रक्तवाहिनीत गुठळी म्हणजे संकटच.

मग अडचण उरते ती जास्त तापण्याची. गाठीशेजारची निरोगी पेशी भाजून कसं चालेल? पवारांच्या गटाने यासाठी लँथेनम, स्ट्रॉन्शियम आणि मँगनीज यांचं एक ऑक्साइड अभ्यासलं. प्रत्येक चुंबकाचं एक तापमान असतं, ज्याच्या वर तो चुंबक राहत नाही. या ऑक्साइडमध्ये घटकांचं प्रमाण बदलून ते तापमान खाली-वर करता येतं. म्हणजे तत्त्वतः असा कण बनवता येतो, जो ठरलेल्या तापमानाला पोचला की आपोआप तापायचं थांबतो. वेगळं सेन्सर नाही, कोड नाही. थर्मोस्टॅट पदार्थातच. प्रोग्रॅमर म्हणून मला याचा हेवा वाटतो.

हे कण बनवण्याची पद्धतही पाहण्यासारखी. धातूंचे नायट्रेट आणि एखादं इंधन एकत्र तापवायचं. मिश्रण पेट घेतं आणि मागे भुसभुशीत राख उरते, तीच नॅनोपावडर. भारतात ही ज्वलनपद्धत रुजवली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या के. सी. पाटील यांनी. किंग्सले आणि पाटील यांचा त्यावरचा कागद १९८८चा. नानासाहेब थोरात, पवार आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातले सहकारी यांनी २०१२ साली इंधन म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोल वापरलं. नाव भारदस्त आहे, पण डिंकांमध्ये वापरतात तोच हा पदार्थ.

आणि मग २०१३चा एक कागद, जो मला अगदी कोल्हापूरचा वाटतो. त्यात मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या ऑक्साइडच्या कणांना डेक्स्ट्रानचं आवरण दिलं आहे. उघडा कण रक्तात गेला तर शरीराच्या पहारेकरी पेशी त्याला लगेच धरतात, म्हणून त्याला शरीराला चालेल असा अंगरखा घालावा लागतो. डेक्स्ट्रान म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब माळ. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला की जिवाणू त्यातल्या साखरेचं डेक्स्ट्रान करतात. रस चिकट होतो, गाळणं अवघड होतं, साखरेचे दाणे नीट पडत नाहीत. पंचगंगेच्या काठच्या कुठल्याही साखर कारखान्यातल्या केमिस्टसमोर हा शब्द उच्चारा, त्याचं तोंड वाकडं होईल. कारखान्याचा शत्रू तोच इथे औषधाचा अंगरखा.

या कामाचं आपण काय करायचं? कागद उत्तम झाले, जगभर वाचले गेले. पण कोल्हापूरच्या कुठल्या दवाखान्यात आज हा उपचार मिळत नाही. पेशींवर, काचेच्या बशीत मिळालेला निकाल आणि रुग्णाचा पलंग यांच्या मध्ये प्राण्यांवरच्या चाचण्या, प्रत्येक खेपेला अगदी तसाच माल देणारा कारखाना, माणसांवरच्या चाचण्यांचे टप्पे, नियामकाची परवानगी आणि वर्षानुवर्षं पैसे ओतायला तयार असणारं कुणीतरी, एवढं सगळं उभं असतं. आमच्या धंद्यात ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय’ हा विनोद आहे. इथे तो विनोद नाही, इथे मधली वाट वीस वर्षांची असू शकते.

वस्तू कुठे झाली

वस्तूपर्यंत पोचलेलं काम बघायला महामार्गाने पुण्याला जावं लागतं. तिथे धातू होता चांदी.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अब्सार अहमद आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवलं की एका बुरशीला चांदीच्या क्षाराचं द्रावण दिलं तर ती चांदीचे नॅनोकण तयार करते. २००४ साली त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण मिळवले. तो कागद ‘नेचर मटेरियल्स’मध्ये आला. आपण चहात टाकतो तोच गवती चहा. त्यानंतर जगात हे शास्त्र किती फोफावलं, याला मोजमाप नाही. कडुलिंब, तुळस, कोरफड, परसातलं एकही पान सुटलं नसेल. बीकर, पाला आणि क्षार एवढ्यावर कागद होऊ शकतो, हे छोट्या कॉलेजांना कळलं. याने दारं उघडली हे खरं, आणि एकाच प्रयोगाच्या पानोपानी आवृत्त्या निघाल्या हेही तितकंच खरं.

शास्त्री स्वतः पुढे टाटा केमिकल्समध्ये गेले. डिसेंबर २००९मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हा पाणी शुद्ध करणारा फिल्टर बाजारात आला. त्याची मॉडेल ७४९ आणि ९९९ रुपयांना, एक कार्ट्रिज ३००० लिटर पाण्यासाठी. वीज नको, नळ नको. आत होती भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर बसवलेले चांदीचे नॅनोकण. तुसाच्या राखेवर टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रात आधीपासून काम झालेलं होतं. त्या जुन्या फिल्टरचं नाव ‘सुजल’. थोडक्यात, जगाने टाळ्या वाजवल्या त्या बुरशीला आणि गवती चहाला, घरात पोचली ती भाताची राख. बाजार सुंदर कल्पना निवडत नाही. स्वस्त, एकसारखं आणि टनाने मिळणारं निवडतो.

पुण्यातलंच दुसरं उदाहरण आघारकर संशोधन संस्थेचं. १९४६ साली ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’ म्हणून सुरू झालेली ही संस्था. तिथले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ किशोर पाकणीकर जिवाणू आणि धातू यांच्या नात्याचा अभ्यास करत होते, तिथून ते चांदीच्या नॅनोकणांकडे आले. जखमेवर लावायचं जेल हा त्यांचा रोख होता. भाजलेल्या जखमांसाठी सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम १९६८पासून वापरात आहे. भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात तुम्ही ते पाहिलंही असेल. पाकणीकरांच्या गटाने २००९ साली छापलेल्या कागदात दाखवलं की त्यांचं जेल त्या मलमाइतकंच जिवाणूंना आवरतं, तेही तीसपट कमी चांदीत. त्याच्या आदल्या वर्षीचा त्यांचा कागद या चांदीचा आपल्या पेशींवर काय परिणाम होतो, यावर होता. हा क्रम महत्त्वाचा आहे. ‘मारतं का?’ याच्या जोडीला ‘आपल्याला मारत नाही ना?’ हे विचारलं गेलं. एका कंपनीला बरोबर घेऊन ते जेल बाजारापर्यंत गेलं.

पुण्याच्या दोन्ही वस्तूंमध्ये शास्त्रज्ञ एकटा नव्हता. एकीकडे टाटांसारखा समूह, दुसरीकडे कंपनी. कोल्हापुरात फाउंड्री आहेत, साखर कारखाने आहेत, दूध संघ आहे, पण नव्या औषधावर दहा वर्षं पैसे लावणारा उद्योग शेजारी नव्हता. संशोधकाच्या हुशारीचा हा प्रश्नच नाही.

बरं, पैसे मिळाले म्हणजे सगळं झालं असंही नाही. चुंबकी कणांची तीच कल्पना बर्लिनच्या आंद्रेआस योर्डान यांनी नव्वदच्या दशकापासून नेटाने पुढे नेली. त्यातून मॅगफोर्स नावाची कंपनी झाली. मेंदूच्या गाठीवरच्या उपचाराला २०१०मध्ये युरोपात परवानगी मिळाली. २०११ साली छापलेल्या अभ्यासात ६६ रुग्ण होते. पण अडचणी रोजच्या होत्या: रुग्णाच्या दातात धातू भरलेला असेल तर आधी तो काढावा लागे, आणि मेंदूत राहिलेल्या कणांमुळे नंतर एमआरआयची प्रतिमा बिघडे. मेंदूच्या गाठीच्या रुग्णाला एमआरआय नाही, हे डॉक्टर कसं मान्य करणार? २०२२ साली कंपनीने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. शास्त्र बरोबर होतं, परवानगी होती, यंत्र होतं. तरीही.

म्हणून स्थानिक पेपरात ‘कोल्हापूरच्या संशोधकांना पेटंट’ अशी बातमी आली की मला आनंद होतो, पण बेताचा. पेटंट म्हणजे कल्पनेवर लावलेला मालकीचा शिक्का. वस्तू अजून पुढच्या स्टॉपवर असते.

तिसरी गोष्ट

मग उरतात माणसं. कोल्हापूरचा खरा जमाखर्च मला इथे दिसतो.

बीकरच्या पद्धतीचा एक गुण होता, जो कुठल्या कागदात नोंदलेला नाही. महागड्या यंत्रापुढे विद्यार्थ्यांची रांग लागते आणि बटण दुसराच कुणी दाबतो. बीकर प्रत्येकाला मिळतो. भुदरगड किंवा शिराळ्याच्या खेड्यातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा मुलगा पहिल्या महिन्यात स्वतःच्या हाताने थर चढवू शकतो, बिघडवू शकतो, पुन्हा करू शकतो. प्रयोग स्वस्त असला की चुकायची मुभा मिळते, आणि तशी मुभा मिळाल्याशिवाय हात तयार होत नाही. सॉफ्टवेअर छोट्या गावांतून का उभं राहिलं, याचंही एक कारण हेच: एक जुना कॉम्प्युटर आणि पुन्हा पुन्हा चुकवायला मिळणारा कोड.

हे हात कुठे गेले? दक्षिण कोरियाला सर्वाधिक, असं म्हणायला हरकत नाही. लोखंडे सरांचं सोलमधल्या संशोधकांबरोबरचं काम जुनं. त्या वाटेने कोल्हापूरची पोरं तिथल्या विद्यापीठांत पोस्टडॉक म्हणून जात राहिली, किमची खायला शिकली, घरी पैसे पाठवत राहिली. काही परतली आणि शिकवू लागली: माने नांदेडला, पठाण पुण्याला. थोरात मेरी क्युरी फेलोशिप घेऊन युरोपात गेले आणि कर्करोगावरच काम करत राहिले. शिवाजी विद्यापीठात आता नॅनोसायन्सचा स्वतंत्र विभाग आहे, बारावीनंतर थेट पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. निवृत्तीनंतर लोखंडे डी. वाय. पाटील विद्यापीठात संशोधकांची पुढची फळी घडवायला बसले.

हे गोड चित्र इथेच संपवलं तर ते खोटं ठरेल. माझ्याच वयाचा एक मित्र पदार्थविज्ञानात पीएचडी करून आज बंगळुरूत डेटा ॲनालिस्ट आहे. दुसरी एक मैत्रीण तिसऱ्या पोस्टडॉकवर आहे आणि दर दोन वर्षांनी तिला देश बदलावा लागतो. प्राध्यापकाच्या कायम जागा तुरळक निघतात, तासिका तत्त्वावरच्या नेमणुकीत घर चालत नाही. तयार झालेला हात ठेवायला जागाच नसेल, तर तो दुसऱ्याच्या प्रयोगशाळेला फुकट मिळतो. ‘पुढं काय?’ हा घरच्यांचा प्रश्न म्हणूनच अडाणी नाही. तो मुलाला विचारला जातो, एवढंच चूक. तो विचारायला हवा विद्यापीठांना, सरकारला आणि आपल्या जिल्ह्यातल्या उद्योगांनाही.

कारण सगळे धागे इथेच आहेत. कर्करोगाचं औषध कोल्हापुरात बनेल की नाही, मला सांगता येणार नाही. पण शिळ्या उसाच्या रसातलं डेक्स्ट्रान पटकन ओळखणारी स्वस्त पट्टी, दुधातली भेसळ दाखवणारा सेन्सर, पुरानंतर विहिरीचं पाणी तपासणारी काचेची पट्टी, यांसाठी पातळ थर द्यायला जमणारी माणसं लागतात. ती आपण साठ वर्षं घडवतो आहोत. २०१९च्या पुरात शिरोळ तालुक्यातली गावं पाण्याखाली होती, तेव्हा प्यायचं पाणी टँकरने येत होतं आणि ते चांगलं की वाईट, हे लोक वासावरून ठरवत होते. बीकर तिथून तासाभराच्या अंतरावर होता.